आगबोटीवरील कोल्हापूरकर : इ. स. १८७० ते १९०२

सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेल्या कोल्हापूरचा समुद्राशी संबंध काय, असा प्रश्न आज कोणास पडला तर त्यात नवल नाही. परंतु अठराव्या शतकात हा प्रश्न कोणी विचारला नसता. मालवण व सिंधुदुर्ग ही तेव्हा कोल्हापूरकर छत्रपतींच्या ताब्यात होती, आणि त्यांच्या आरमाराचा उपद्रव इंग्रजांना इतका होई की १७६५ मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग जिंकून त्यास आपले नावही देऊन टाकले. पुढच्याच वर्षी अटी घालून तो परत करावा लागला. हा व्यवहार १८१२ च्या तहाने कायमचा संपला. मालवणचे बंदर व किल्ला इंग्रजांकडे गेला आणि कोल्हापूर राज्य घाटावरचे झाले. तेथून पुढे अठ्ठावन्न वर्षांनी याच गादीवरील एक तरुण राजा समुद्रावर गेला, तो इंग्रजांच्या आगबोटीतील उतारू म्हणून. या स्थित्यंतराचा राजकीय इतिहास सुपरिचित आहे. उतारूच्या अनुभवाचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. तो कोणत्या भाषेत नोंदला गेला आणि त्या भाषेने त्यातले काय टिपले व काय गाळले, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘उतारू’ हा शब्द समुद्राचा नाही, तो नदीचा आहे. नदी जेथे पायी ओलांडता येते ती जागा म्हणजे ‘उतार’. पुराचे पाणी ओसरले की नदीला उतार पडतो. पैलतीरी उतरून जाणारा तो उतारू. नावाड्याच्या होडीतून पंचगंगा ओलांडणाऱ्या माणसाचे हे नाव आगबोटीतून अरबी समुद्र ओलांडणाऱ्यालाही पुरले, आणि पुढे आगगाडीतील माणसालाही. ‘आगबोट’ हा शब्द अर्धा देशी, अर्धा इंग्रजी. ‘आगगाडी’ त्याच घडणीचा असला तरी त्याचे दोन्ही भाग घरचे आहेत. याउलट बोटीवर काम करणाऱ्यांचे शब्द पाहावेत : नाखवा, तांडेल, सारंग, मालूम, खलाशी. यांतील बहुतेक फारसी-अरबी वळणाचे व आगबोटीहून कितीतरी जुने आहेत. समुद्रावर कष्ट करणाऱ्याची परिभाषा मराठीत शतकानुशतके सिद्ध होती. समुद्रावर केवळ बसून जाणाऱ्याची मात्र नव्हती. तिच्यासाठी नदीचा शब्द उसना घ्यावा लागला, ही गोष्ट लहान असली तरी पुष्कळ सांगणारी आहे.

असे बसून जाणारे पूर्वी अगदीच नव्हते असे नाही. रघुनाथरावांनी १७८१ मध्ये लंडनला पाठविलेल्या मंडळींत हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण वकील होते. एडमंड बर्कने त्यांना आपल्या बीकन्सफील्ड येथील घरी ठेवून घेतले आणि स्वयंपाक व सोवळे-ओवळे यांसाठी बागेतील काचघर मोकळे करून दिले. परतल्यावर त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, अशी हकीकत आहे. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी १८३९ मध्ये निघाले ते चौदा वर्षे लंडनमध्ये राहिले. परंतु हे दोघेही वकील होते. समुद्र त्यांनी धन्याच्या कामासाठी ओलांडला. वाटेत काय दिसले, जहाजावर दिवस कसे गेले, हे सांगणे हा त्यांच्या पत्रव्यवहाराचा विषयच नव्हता. देश पाहावा, लोक पाहावेत, यासाठी म्हणजे ज्याला आज ‘पर्यटन’ म्हणतात त्या हेतूने समुद्रावर गेलेला पहिला महत्त्वाचा कोल्हापूरकर म्हणून राजाराम महाराजांचेच नाव घ्यावे लागते. गादीवर असताना विलायतेस गेलेल्या हिंदू राजांत त्यांची गणना अगदी पहिल्यांत होते.

तिसरे शिवाजी, म्हणजे बाबासाहेब महाराज, १८६६ मध्ये निवर्तले आणि पाटणकर घराण्यातून दत्तक घेतलेले राजाराम गादीवर आले. त्यांचे शिक्षण पोलिटिकल एजन्सीच्या देखरेखीखाली झाले होते व इंग्रजी त्यांना चांगले येत होते. १८७० च्या पावसाळ्यापूर्वी ते निघाले तेव्हा त्यांचे वय सुमारे वीस वर्षांचे होते. बरोबर काही मानकरी, नोकरचाकर आणि एजन्सीतील कॅप्टन एडवर्ड वेस्ट. हे वेस्ट साहेब सामान्य अधिकारी नव्हते. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांचा वृत्तान्त त्यांनी आदल्याच वर्षी प्रसिद्ध केला होता. ज्या घराण्याच्या तरुण वारसाला ते बोटीवर घेऊन निघाले त्याची वंशावळ त्यांना पाठ होती.

त्या काळच्या प्रवासाची कल्पना येण्यासाठी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. कोल्हापूरला आगगाडी १८९१ पर्यंत आलेली नव्हती. सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता. तथापि टपालाच्या बोटींचा जुना क्रम लगेच मोडला नाही. मुंबईहून निघालेली टपालबोट एडनला कोळसा घेई, सुएझला उतारू उतरत, तेथून आगगाडीने मिसर देश ओलांडून अलेक्झांड्रियास जात आणि भूमध्य समुद्रात दुसरी बोट धरीत. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की अरबी समुद्रातील हा प्रवास अत्यंत कष्टाचा होई. ज्याला शक्य आहे तो उतारू म्हणून त्याआधीच निघे.

आणि शास्त्र? समुद्रगमनाचा निषेध बौधायनापासून आढळतो, व कलिवर्ज्यांच्या यादीत समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाचा व्यवहारात स्वीकार करण्यास मनाई आहे. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासात या प्रकरणाची सविस्तर चर्चा केली आहे. ती येथे पुन्हा करण्याचे कारण नाही. एवढेच म्हणावयाचे की व्यवहारात हा निषेध पाण्यापेक्षा अन्नाचा अधिक होता. खलाशी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जात, त्यांना कोणी विचारीत नसे. प्रश्न उभा राही तो बोटीवर कोणी शिजविले, कोणाच्या हातचे पाणी घेतले, कोणाच्या पंक्तीस बसले, याचा. आगबोटीवरील पहिल्या वर्गाचे भोजनगृह हे म्हणूनच तत्कालीन मराठी प्रवाशाच्या दृष्टीने बोटीवरील सर्वांत अवघड ठिकाण होते, वादळातील डेकपेक्षाही.

महाराजांनी या प्रवासात रोजनिशी ठेविली, आणि ती इंग्रजीत ठेविली. त्यांच्या मृत्यूनंतर वेस्ट यांनी संपादित केलेली ही रोजनिशी १८७२ मध्ये लंडनच्या स्मिथ, एल्डर आणि कंपनीने प्रसिद्ध केली. तिच्या नोंदी आटोपशीर आहेत : कोठे गेलो, कोण भेटले, काय पाहिले. विंडसर येथे व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. संग्रहालये, कारखाने, नाटकगृहे, विद्यापीठे पाहून झाली. वाचकाला तीत राजाचा रुबाब दिसत नाही, आणि बंडखोरीही दिसत नाही. दिसतो तो शिक्षकाने सांगितलेला पाठ नीट लिहून ठेवणारा एक चौकस विद्यार्थी. काही टीकाकारांनी या साधेपणास बालिशपणा म्हटले असते. ते न्याय्य होणार नाही. वीस वर्षांच्या तरुणाने परभाषेत, तीही आपल्या पालकाच्या भाषेत, त्याच्या नजरेखाली लिहिलेल्या नोंदींकडून मनोगताची अपेक्षा करणे हेच मुळी चुकीचे आहे. परक्या भाषेत माणूस प्रथम नामे शिकतो, मग क्रियापदे. मनातल्या कुरबुरीचे शब्द सर्वांत शेवटी येतात.

हे म्हणणे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समुद्रावर मळमळ होऊन माणूस आडवा होतो, त्यास मराठीत ‘बोट लागणे’ म्हणतात. इंग्रजीत ही अवस्था सांगताना मनुष्य स्वतः कर्ता होतो. तो आजारी असतो किंवा होतो. मराठीत कर्ता आहे बोट. ‘मला बोट लागली’ या वाक्यात बोलणारा चतुर्थीत उभा आहे, जे घडले ते त्याच्याकडे बाहेरून आले आहे. भूक लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, ठेच लागते, त्याच मालिकेत हा प्रयोग बसतो. पुन्हा ‘लागणे’ हे क्रियापद बोटीचे स्वतःचेही आहे : बोट धक्क्याला लागते. धक्क्याला लागली तर प्रवास संपला, माणसाला लागली तर प्रवास सुरू झाला. हा वाक्प्रचार कोणा ग्रंथकाराने घडविला नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील बोटींतून ये-जा करणाऱ्या हजारो अनामिक उतारूंनी तो रूढ केला आणि पुढे मोटारी आल्या तेव्हा ‘गाडी लागणे’ त्याच साच्यातून निघाले. रोजनिशीतील इंग्रजी वाक्ये कितीही शुद्ध असली तरी ही चतुर्थी त्यांत येणे शक्य नव्हते. महाराजांबरोबर जे मानकरी व नोकर होते ते मराठीत बोलत असतील, मराठीत कण्हत असतील. त्यांतले काही छापील ग्रंथात आलेले नाही.

आणखी एक गोष्ट. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवरील खलाशांत गुजरात व कोकणच्या किनाऱ्यावरची माणसे पुष्कळ असत. रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान त्यांत होते. भोजनगृहातील वाढपी बहुधा गोव्याचे. म्हणजे इंग्रजांच्या बोटीवर मुंबई सोडलेल्या मराठी उतारूला खालच्या मजल्यावर, दोरखंडांपाशी, आपल्या बोलीच्या जवळची बोली ऐकू येण्याचा संभव वरच्या मजल्यापेक्षा अधिक होता. वर्गाची भिंत भाषेच्या भिंतीपेक्षा जाड होती.

हिवाळ्याच्या तोंडाशी महाराज परत निघाले. जुलै १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांचे युद्ध पेटले होते, तेव्हा फ्रान्समधून जाणारा नेहमीचा रस्ता बंद. बेल्जम, जर्मनी, टायरोलमधील इन्सब्रुक, अशा वळणाने मंडळी इटलीत उतरली. वाटेतच महाराजांची प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्स येथे, जे तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होते, ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे देहावसान झाले. बोट गाठावयाची राहून गेली.

पुढचा प्रसंग मृताच्या रोजनिशीत असणे शक्य नाही, तरीही प्रवासाच्या या कथेतील सर्वांत बोलका भाग तोच आहे. बरोबरच्या मंडळींनी दहनाचा आग्रह धरला. कॅथलिक देशातील त्या नगरात अशा विधीची कसलीही तरतूद नव्हती. मृतदेह जाळण्याची आधुनिक चळवळ इटलीत पुढे उभी राहिली आणि तिचे पहिले दहन मिलानमध्ये १८७६ साली झाले. नगराच्या अधिकाऱ्यांनी ऐन वेळी परवानगी दिली. स्थळ निवडले ते नगराबाहेरील कॅशिने उद्यानाच्या टोकास, जेथे मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते. रात्री तेथे चिता रचून विधी पार पडला. कोल्हापूरच्या माणसाला ही निवड समजावून सांगावी लागत नाही. छत्रपतींच्या घराण्यातील पूर्वजांच्या समाध्या पंचगंगेच्या घाटावर आहेत, आणि पंचगंगा हे नावच संगमाचे आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, हाताशी एक रात्र असताना त्या मंडळींनी नकाशावर संगम शोधून काढला. त्यांच्यापैकी कोणाची रोजनिशी नाही. ही निवड हेच त्यांचे लेखन समजावे.

त्या जागेवर १८७४ मध्ये एक छत्री उभारण्यात आली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, आतील रंगीत अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. कोल्हापुरातील टाऊन हॉल व नवा राजवाडा याच मँट यांच्या हातचे असल्याने या शहराच्या रहिवाशाला फ्लॉरेन्सची छत्री पाहताना ओळखीचा भास व्हावा, यात आश्चर्य नाही. महाराजांचे नाव कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयाने राखिले.

पुढील प्रवासी राजघराण्यातील नाही, आणि तिचा कोल्हापूरशी असलेला संबंध बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. डॉ. आनंदीबाई जोशी यांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण तिचा उगम व तिचे ठरलेले गन्तव्य दोन्ही कोल्हापुरात होते, हे लक्षात घेतले पाहिजे. टपालखात्यात नोकरीस असलेले गोपाळराव जोशी १८७८ मध्ये कोल्हापुरात होते. पत्नीच्या शिक्षणाकरिता अमेरिकेस जाण्याची सोय होईल का, अशी चौकशी त्यांनी येथूनच अमेरिकन मिशनऱ्यांकडे केली. कोल्हापुरात दीर्घकाळ मिशन चालविलेले रॉयल वाइल्डर तेव्हा अमेरिकेत एक नियतकालिक चालवीत. त्यांनी हा पत्रव्यवहार छापला, आणि ख्रिस्ती झाल्यास विचार करू, या अर्थाचा अभिप्रायही जोडला. तो अंक न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती १८८० मध्ये दंतवैद्याच्या दिवाणखान्यात पडला, व तेथून पत्रांचा ओघ सुरू झाला.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने एकट्या, म्हणजे पतीवाचून निघाल्या व ४ जून रोजी न्यू यॉर्कला पोचल्या. वय अठरा. सुमारे आठ आठवड्यांच्या या प्रवासात त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि पोशाखही आपलाच ठेवला. थंडीचा व पायघोळपणाचा विचार करून लुगड्याऐवजी गुजराथी पद्धतीचे नेसण त्यांनी पत्करले होते. राजाला स्वतंत्र स्वयंपाकाची सोय करता येते. अठरा वर्षांच्या मुलीला बोटीवरील ताटातून जे चालेल ते वेचून खावे लागते. सोबतीस असलेल्या बाईंचे व इतरांचे वागणे सुखाचे नव्हते, असे त्यांच्या पत्रांवरून दिसते. येथे भाषेचा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो. कार्पेंटर मावशींना त्या इंग्रजीत लिहीत, गोपाळरावांना मराठीत. आणि प्रवासातील जाच, अपमान, रुसवे हे मराठी पत्रांत आले आहेत. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले, त्यास या पत्रांचा आधार होता. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेले इंग्रजी चरित्र आणि काशीबाईंचा ग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता एकाच बोटीत दोन आनंदीबाई बसल्या होत्या की काय, असे वाटू लागते. एक निश्चयी व सौम्य. दुसरी चिडणारी, उत्तर देणारी, थकणारी. दुसरी अधिक खरी आहे असा निर्णय देण्याची घाई नको, परंतु राजाराम महाराजांच्या रोजनिशीला असा मराठी शेजार लाभला नाही, ही खंत वाटल्यावाचून राहत नाही.

मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख नेमले. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाने ओळखले जाते. ऑक्टोबर १८८६ मध्ये पती-पत्नी ‘एट्रुरिया’ बोटीने न्यू यॉर्कहून निघाली. आनंदीबाई तेव्हाच क्षयाने पोखरल्या होत्या, आणि समुद्राने त्यांना काही दिले नाही. मुंबईस उतरून त्या पुण्यास गेल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी तेथेच वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची वाट पाहिली गेली. त्या आल्या नाहीत. त्यांच्या अस्थी मात्र पुन्हा समुद्र ओलांडून गेल्या. कार्पेंटर कुटुंबाने त्या न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेविल्या.

शाहू छत्रपतींच्या १९०२ मधील प्रवासाचा उल्लेख संक्षेपाने पुरे. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेस गेले. त्याच समारंभास जाणाऱ्या जयपूरच्या माधोसिंह महाराजांनी ‘ऑलिंपिया’ ही संपूर्ण बोटच भाड्याने घेतली व चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल नेले. धर्मनिष्ठेचा हा थाट जगाने पाहिला. शाहू महाराज निघाले ते वेदोक्त प्रकरण शिगेस पोचले असताना. राजोपाध्यांचे इनाम त्याच मे महिन्याच्या आरंभी जप्त झाले होते. ज्यांच्याकडून शुद्धाशुद्धतेचा निर्णय घ्यावयाचा त्यांच्याशीच उघड झगडा चालू असताना समुद्रगमनाच्या दोषाची भीती या राजाला फारशी वाटली नसावी. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एल्‌एल्‌. डी. ही सन्मान्य पदवी दिली. मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध हुकूम निघाला तेव्हा महाराज परदेशातच होते. बत्तीस वर्षांपूर्वी संस्थानचा राजा समुद्रापार असताना काही शिकत होता. आता तेथूनच राज्य चालू होते.

सामान्य कोल्हापूरकराचा समुद्र याहून जवळचा. आंबा, फोंडा किंवा आंबोलीचा घाट उतरून रत्नागिरी, वेंगुर्ले यांसारखे बंदर गाठावे, बोट दूर नांगरलेली असे म्हणून पडावात बसून तिच्यापर्यंत जावे, शिडीने वर चढावे, डेकवर वळकटी पसरावी. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. स्वदेशीच्या दिवसांत निघालेल्या देशी कंपनीला कोकणात ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, आणि तिच्या बोटींना संतांची नावे होती. ‘तुकाराम’ ११ नोव्हेंबर १९२७ रोजी बुडाली, ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर सहाशेहून अधिक माणसांसह गेली. मुंबई-गोवा उतारू बोटी १९८० नंतरच्या दशकात थांबल्या. २०१८ मध्ये त्याच किनाऱ्याने मुंबई-गोवा अशी सुखसफरीची बोट सुरू झाली तेव्हा तिला ‘आंग्रिया’ हे नाव देण्यात आले. प्रवाशांना मात्र जाहिरातीत कोणी उतारू म्हटले नाही, ते ‘पर्यटक’ होते. शिडी, पडाव आणि वळकटी यांबरोबर तो नदीचा शब्दही मागे राहिला.

फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीवर, छत्रीपासून जवळच, १९७८ मध्ये वाहनांसाठी एक मोठा पूल बांधून झाला. त्या भागास छत्रीवरूनच नाव पडले असल्याने पुलासही तेच मिळाले. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘हिंदी माणसाजवळचा पूल’ असा होतो. राजाराम हे नाव त्यात नाही, कोल्हापूरही नाही.